साठीनंतरची पायी नर्मदा परिक्रमा : सॅक आणि बूट घेण्याआधी हे वाचा

कार्तिकी एकादशीनंतर निघायचं असेल तर सराव आषाढीलाच धरा. परिक्रमावासी चातुर्मासात एका जागी थांबतात आणि तुमच्या पायांनाही नेमके तेवढेच चार महिने लागतात. दम दीड महिन्यात येतो. टाचेची शीर, घोटा, गुडघा मात्र या वयात सावकाश तयार होतात. दम आला म्हणून माणूस अंतर वाढवतो आणि तिथंच टाच धरते.

“आम्ही दिवसभर वावरातच असतो, सराव कशाला?” असं बरेच जण म्हणतात. वावरातलं चालणं मऊ मातीतलं, थांबत थांबत आणि रिकाम्या पाठीनं असतं. दिंडीतही सामान गाडीत जातं. इथं रोजचे 15 ते 20 किलोमीटर, बरेचसे डांबरावरून, आणि ओझं स्वतःच्याच पाठीवर.

पहिले चार आठवडे आठवड्यातून चार दिवस 4-5 किलोमीटर चाला, सॅकशिवाय. पाचव्या आठवड्यात सॅकमध्ये 2 किलो घाला, पुढे दर पंधरा दिवसांनी 1 किलो वाढवा. ज्या आठवड्यात वजन वाढवलं त्या आठवड्यात अंतर वाढवायचं नाही. दर चौथ्या आठवड्यात अंतर निम्म्यावर आणा. पंधराव्या आठवड्यात भरलेली सॅक घेऊन लागोपाठ दोन दिवस 15 किलोमीटर चाला. खरी परीक्षा दुसऱ्या सकाळी होते. शेवटचे दहा दिवस पाय फक्त मोकळे करायचे.

पावसाळ्यात पांदणीनं जाऊ नका. काळी माती बुटाला चिकटून पाय जड होतो आणि घोटा वळतो. मुरमाचा रस्ता बरा. आपल्याकडं सपाटी असल्यामुळं उताराची सवय नसते, आणि गुडघे दुखतात ते उतरतानाच, कारण मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच त्याला ब्रेक लावावा लागतो. त्यासाठी घरचा जिना सावकाश उतरा. चिखलदऱ्याला जाणं झालं तर गाविलगड काठ्या घेऊन उतरा. काठी टेकल्यावर कोपर काटकोनात हवं, उतारावर ती 5 ते 10 सेंटिमीटर लांब करा.

सॅक 40 लिटरची पुरे. पाण्यासकट वजन शरीराच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास ठेवा : 65 किलोच्या माणसाला साडेसहा, फार तर सात. वाटेत आश्रमांत मुक्काम आणि सदाव्रत मिळतं, म्हणून तंबू-स्टोव्ह नको. पांघरुणात मात्र काटकसर करू नका. अमरकंटक हजार मीटरहून उंच आहे, पौषातल्या रात्री तिथं चांगल्याच गारठ्याच्या असतात. तिसरा कपड्यांचा जोड, टॉवेलऐवजी चादर, “असू द्या” म्हणून घेतलेला डबा, हे सगळं आधी काट्यावर ठेवून बघा.

सॅक चढवताना सगळे पट्टे सैल करा. आधी कमरपट्टा कमरेच्या हाडांवर आवळा, मग खांद्याचे, शेवटी वरचे छोटे पट्टे. बहुतेक भार कमरेनं घ्यायचा असतो. पोट सुटलेलं असेल तर पट्टा खाली घसरतो आणि सगळं खांद्यांवर येतं. अशांना पाठीच्या मापाची सॅक लागते. मानेखालच्या टोकदार मणक्यापासून कमरेच्या हाडापर्यंतचं माप आम्ही दुकानातच घेतो आणि वाळूच्या पिशव्या भरून चालवून बघतो.

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. जे मोजे घालणार तेच घालून या. सुती नकोत, घामानं ओले राहून फोड आणतात. पुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. मुलानं पाच-सहा वर्षांपूर्वी आणलेले, कपाटात नव्यासारखे राहिलेले बूट वापरायचे असतील तर आधी आम्हाला दाखवा. तळव्याच्या आतला पॉलियुरेथेनचा थर दमट हवेनं न वापरताही कुजतो आणि वाटेत भुगा होऊन पडतो. अंगठ्यानं दाबून भेग दिसली तर ते बूट बाद.

वयाबरोबर तहान कमी लागते. वेळ पाहून पाणी प्या. पण घाम फार जात असेल तर नुसतं पाणी पिऊन रक्तातलं मीठ उतरतं. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, किंवा साखरेची गोळी वा इन्सुलिन असेल, तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्या. लांब चालण्यानं साखर रात्रीही उतरू शकते. मधुमेह असलेल्यांनी रोज संध्याकाळी तळवे आरशात बघावेत, कारण बधिर पायाला फोड कळत नाही.

परिक्रमेत नर्मदा उजव्या हाताला ठेवायची आणि ओलांडायची नाही. औषधाचं दुकान समोरच्या काठावर असलं तरी तुमच्या उपयोगाचं नाही. महिन्याची औषधं आणि चिठ्ठी सोबत, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत.

नवे बूट घेतल्यावर 30 किलोमीटर चालून एकदा घेऊन या. कुठं घासतं ते आतल्या खुणांवरून दिसतं. टाचेशी सैल असेल तर नाडी बांधायची पद्धत बदलून देतो, त्याचे पैसे नाहीत.