गाणगापूर ट्रिपमधला गुलबर्ग्याचा थांबा : किल्ल्यातली जामा मशीद, जाण्याआधी एवढं वाचा

नमस्कार मंडळी, गाणगापूरचं दर्शन झालं की परतीच्या वाटेवर आपण गुलबर्ग्याच्या किल्ल्यात थांबतो, आणि दर वेळी कोणीतरी विचारतंच की दत्ताच्या यात्रेत मशीद कशाला, म्हणून हा कागद. दोन पावलांवर अशी वास्तू असताना न बघता पुढे जायचं हे आम्हाला खरंच बरं वाटत नाही.

हसन गंगू बहामनी हे नाव शाळेत वाचलेलं आठवत असेल. दिल्लीच्या तुघलकाविरुद्ध दख्खनचे सरदार उठले आणि 1347 साली हसन सुलतान झाला, तोही आपल्या दौलताबादला, मग राजधानी गुलबर्ग्याला आणली. त्याचा मुलगा पहिला मुहम्मदशाह गादीवर असताना 1367 मधे ही मशीद बांधून झाली, म्हणजे विजापूरच्या गोलघुमटापेक्षा जवळपास 300 वर्षं जुनी. शिलालेखात बांधणारा म्हणून नाव आहे रफी याचं, इराणमधल्या कझवीन गावचा.

आता खरी गोष्ट. मशीद म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं, मोठं मोकळं अंगण, मधे हौद, कडेला मिनार. इथे यातलं काहीच नाही! अंगणाची जागा पण छताखाली घेतलीये, 216 फूट बाय 176 फूट, म्हणजे एकराला थोडीच कमी, एवढी सगळी जागा झाकलेली. एवढं झाकल्यावर आत अंधारच व्हायला हवा ना, पण होत नाही, कारण पश्चिमेची किब्ल्याची भिंत, म्हणजे नमाज पढताना जिकडे तोंड करतात ती, बंद ठेवून बाकी तीन बाजूंना बाहेरच्या भिंतीत नुसत्या कमानीच कमानी सोडल्यात आणि उजेड तिथून आडवा आत येतो. आत गेल्यावर आधी दोन मिनिटं नुसते उभे राहा, गडबड करू नका, डोळे सरावले की खांबांच्या रांगा एकामागून एक उलगडत जातात.

मग कडेच्या ओवऱ्यांत या. तिथल्या कमानी एकदम बुटक्या पायांवरून सुरू होतात आणि भरपूर रुंद पसरतात, आमच्या मते अख्ख्या मशिदीत बघण्यासारखं सगळ्यात भारी हेच, त्यापुढे मोठा घुमटसुद्धा दुसरा नंबर. तो घुमट मिहराबच्या, म्हणजे किब्ल्याच्या भिंतीतल्या कमानदार कोनाड्याच्या, समोर आहे, खाली एक चौकोनी मजला उचलून त्यावर बसवलाय म्हणून लांबून पण उठून दिसतो, चार कोपऱ्यांवर चार मध्यम घुमट आणि मधे लहान लहान घुमटांची दाटी. नक्षीकाम शोधत बसू नका, फारसं नाहीच, साध्या गिलाव्यावर सगळी मजा उजेड-सावलीची.

काहीजण याची तुलना स्पेनमधल्या कॉर्डोबाच्या मशिदीशी करतात, खांबांच्या रांगा बघून तसं वाटतं खरं, पण तिकडे मोठं अंगण आहे, इकडे तेच नाही, त्यामुळे आम्हाला ती तुलना काही पटत नाही. पुढे 1420 च्या दशकात राजधानी बिदरला गेली आणि दख्खनमधे नंतर एवढ्या मशिदी झाल्या, पण असा बिनअंगणाचा नमुना पुन्हा कोणी गिरवला नाही.

चपला बाहेर काढायच्या, गुडघे झाकतील असे कपडे घाला, डोक्यावर घ्यायला रुमाल किंवा ओढणी जवळ ठेवा. आत कोणी नमाज पढत असेल तर समोरून जायचं नाही, फोटो पण नको. ग्रुपमधल्या आजी-आजोबांना ओवरीत निवांत बसता येतं, सावली भरपूर आहे.