स्मरणरंजन (उपहासगीतांतील)

आईवडिलांची पिढी साधी, काटकसरी आणि म्हणून थोर, असे गाणाऱ्याच्या तोंडून वदवायचे आणि त्या कौतुकातूनच तिचा पाया उघडा पाडायचा, ही उपहासगीतातील स्मरणरंजनाची, म्हणजे जुन्या आठवणींत रमण्याची, हमखास युक्ती. अलंकारशास्त्रात तिला व्याजस्तुती म्हणतात.

पुण्यात तिला कच्चा माल भरपूर. वाड्याचा चौक, तांब्याचा बंब, नंबर लावून कित्येक वर्षांनी हाती आलेली चेतक स्कूटर, एका पगारात शिकलेली चार भावंडे. या आठवणी खोट्या नसतात, हिशेब तेवढा अर्धा असतो. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने पेठांतल्या बिऱ्हाडांची भाडी जवळपास 1940 च्या पातळीवर गोठवली होती. बाबांच्या काटकसरीला मालकाच्या न वाढलेल्या भाड्याचा टेकू असे. पहाटे बंबात ढलप्या सारणारी आई आणि मोरीवर खरकटी भांडी घासणारी बाई चांगला गीतकार शेवटच्या कडव्यासाठी राखून ठेवतो. चाल मात्र हळव्या भावगीताचीच राहते. हसू येते ते या न ढळणाऱ्या चालीमुळे.

हळवेपणाची खिल्ली पुण्याला नवी नाही. रविकिरण मंडळ हे कवींचे मंडळ येथे 1923 मध्ये स्थापन झाले आणि प्र. के. अत्रे यांचा ‘झेंडूची फुले’ हा विडंबनसंग्रह 1925 मध्ये आला. त्यात समकालीन कवींच्या लकबींची यथेच्छ टर आहे. पूर्वजांच्या गौरवाला खरा धक्का दिला तो ‘घाशीराम कोतवाल’ने (1972). विजय तेंडुलकरांच्या या नाटकात, भास्कर चंदावरकरांच्या संगीतावर, शेंडी-जानव्यातील ब्राह्मणांची रांग रंगमंचावर भिंत होऊन उभी राहते, हरिनाम गाते आणि त्याच तालात बावनखणीकडे, म्हणजे कलावंतिणींच्या वस्तीकडे, वळते. नाना फडणविसांची बदनामी झाली म्हणून शहरात गदारोळ उठला, प्रयोग काही काळ थांबले. आपल्या घराण्याची पुण्याई जिथून मोजायची, ती पेशवाईच हास्यास्पद ठरत होती. राग येणे स्वाभाविकच.

त्यामानाने आजची पेठी उपहासगीते सौम्य आहेत. गाणारे, ऐकणारे आणि ज्यांची थट्टा होते ते, सगळे बहुधा एकाच गोतावळ्यातले. प्रेक्षक हसतात, टाळ्या देतात आणि वाड्याच्या आठवणीने डोळेही पुसतात. टीकेचे गोंजारणे होते.

जलशांची, म्हणजे प्रबोधनासाठीच्या गाण्या-नाट्याच्या कार्यक्रमांची, परंपरा निराळी. सत्यशोधक समाज 1873 मध्ये पुण्यातच स्थापन झाला. पुढे सत्यशोधकी जलशांनी तमाशाचा साचा उचलून भटशाहीची टिंगल केली, आंबेडकरी जलशांनी तो वारसा पुढे नेला. तिथे मागच्या पिढीचा गौरव होतो तो तिने दिलेल्या लढ्यासाठी. पेठेतल्या गाण्यात पर्वती म्हणजे बाबांचे रोजचे फिरणे. त्याच टेकडीवरच्या देवळात प्रवेश मिळावा म्हणून 1929 मध्ये अस्पृश्यांना सत्याग्रह करावा लागला होता.