कूलर, टीव्ही, पाहुणे आणि कानाचं मशीन

एप्रिल लागला की आमच्याकडे खिडकीला कूलर चढतो आणि पाऊस येईपर्यंत घरघरत राहतो. माझ्या भाचीला कॉक्लियर इम्प्लांट आहे, म्हणजे ऑपरेशन करून कानाच्या आत बसवलेलं, ऐकण्याच्या नसेला थेट वीज देऊन ऐकवणारं यंत्र. गावात त्याला सगळे ‘कानाचं मशीन’च म्हणतात. मागच्या उन्हाळ्यात घर पाहुण्यांनी भरलेलं असताना ती एकेकाच्या तोंडाकडे बघून थकली आणि आईला म्हणाली, “माय वं, थो टीव्ही तरी बंद कर. सारं एकात एक मिसयते मले.” आजीला वाटलं, मशीन बिघडलं. बिघडलं काहीच नव्हतं. गलबल्यातून एक आवाज वेगळा काढणं हे या यंत्राचं पहिल्यापासूनचं दुखणं आहे.

प्रश्न तसा यंत्राहून जुना. दहा जण बोलत असताना आपण एकाचंच कसं ऐकतो, हे कॉलिन चेरी यांनी 1953 मध्ये प्रयोगांतून तपासलं. एकाच माणसाच्या आवाजातले दोन मजकूर एकत्र ऐकवले तर वेगळे करताना लोकांच्या नाकी नऊ येत. तेच दोन कानांत एकेक सोडले तर सहज जमे. म्हणजे दोन कान, आणि प्रत्येकाच्या आवाजाची पट्टी, यांवर आपली भिस्त.

पुढे 1957 मध्ये पॅरिसमध्ये जुर्नो आणि एरिएस यांनी एका रुग्णाच्या श्रवण-चेतेला, म्हणजे ऐकण्याच्या नसेला, थेट वीज दिली. त्याला रातकिड्यांसारखं काहीतरी ऐकू आलं. 1961 मध्ये लॉस एंजेलिसला विल्यम हाउस यांनी इम्प्लांट बसवले. त्यांचं पुढचं यंत्र एकाच वाहिनीचं होतं. त्यातून बोलण्याची लय कळे, ओठ वाचायला मदत होई. 1978 मध्ये मेलबर्नला ग्रॅम क्लार्क यांनी अनेक इलेक्ट्रोडचं, म्हणजे वीज सोडणाऱ्या अनेक टोकांचं, यंत्र बसवलं. पण ही टोकं ज्यात बसतात त्या आतल्या कानाच्या शंखात खारट द्रव असतो, त्यामुळे एका सरीत सोडलेलं पाणी धुरा फोडून शेजारच्या सरीत शिरावं तशी वीज पसरते. यावर 1991 मध्ये ब्लेक विल्सन यांच्या गटाने तोड काढली: सगळ्या इलेक्ट्रोडना एकदम वीज द्यायची नाही, आळीपाळीने ठोके द्यायचे. बोलणं समजण्यात खरी उडी तिथे पडली.

ती उडी मात्र शांत खोलीतली. 1995 मध्ये रॉबर्ट शॅनन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आवाजाचे, जाड सुरांपासून बारीक सुरांपर्यंत, जेमतेम चार पट्टे आणि त्यांचा चढउतार मिळाला, तरी शांततेत वाक्यं कळतात. यंत्र नेमका हा चढउतारच पुढे पाठवतं; आतली बारीक वीण गाळून टाकतं. मामाचा आवाज कोणता आणि टीव्हीवरच्या बातमीदाराचा कोणता, हे त्याच विणीवरून ओळखायचं असतं! शिवाय 2001 च्या एका अभ्यासात दिसलं की 22 इलेक्ट्रोड असले तरी सात-आठच्या पुढे गोंगाटात फारसा फायदा होत नाही. कारण तेच, फुटलेला धुरा.

म्हणून कूलरला दोष दिला, तर तो अर्धाच खरा. एकसुरी घरघर मशीनचा प्रोसेसर, म्हणजे आवाज टिपून आत पाठवणारा भाग, बऱ्यापैकी दाबू शकतो. माणसांची बडबड त्याला दाबता येत नाही, कारण हवं ते आणि नको ते, दोन्ही बोलणंच. चांगल्या कानाचा माणूस दोन शब्दांमधल्या फटीत डोकावून ऐकतो. इम्प्लांटवाल्याला ती फट फारशी कामी येत नाही. समोरचं जास्त टिपणारे माइक, मास्तरांच्या कॉलरला लावायचा वायरलेस माइक, दुसऱ्या कानातही इम्प्लांट, हे उपाय पुढे आले. अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून लहान मुलांना मशीन मिळतं, पण ते साधारण एकाच कानाचं. पत्र्याच्या छपराच्या वर्गात तो वायरलेस माइक फार उपयोगी पडला असता. आमच्या शाळेत तो नाही.

भाचीचं मशीन उजव्या कानाला आहे. पंगतीत ती आता आजोबांच्या डाव्या हातालाच बसते, आणि ती जागा कोणी घेतली तर उठवते. आजोबांनाही कमी ऐकू येतं, त्यामुळे ते मोठ्यानेच बोलतात.