वेगळी चूल आणि चर्चचा बाक

छत्रपती संभाजीनगर, जालना, नांदेड इथल्या ख्रिस्ती तरुणांकडून गेली काही वर्षं एक प्रश्न दबक्या आवाजात ऐकू येतो. नवराबायको दोघंही श्रद्धाळू, रविवारची उपासना न चुकवणारी, पण दोघांच्या संमतीने एकाच्या आयुष्यात तिसरं माणूस आहे. कुणी लग्नाशिवाय एकत्र राहतं. कुठे दोन पुरुष किंवा दोन बाया एकमेकांच्या होऊन राहिल्या आहेत. यातल्या कुणालाच विश्वास सोडायचा नाही आणि पाळकांसमोर खोटंही बोलायचं नाही. चर्चच्या मंडळीतली वडीलधारी म्हणतात, हे खूळ मोबाइलमधून आलं. प्रश्न विचारायचे शब्द नवे आहेत हे मान्य, पण प्रश्न जुना आहे. मराठवाड्यात मिशन आलं तेव्हाच तो दारात उभा होता आणि त्याला तेव्हा जे अर्धं उत्तर मिळालं, तेच आजही चालू आहे.

जालन्यापासून जवळच बेथेल नावाचं गाव आहे. नारायण शेषाद्री यांनी ते वसवलं. जन्माने ब्राह्मण असलेल्या शेषाद्रींनी १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे पाळक म्हणून ते जालन्याला आले. त्या वेळी हा सगळा मुलूख निजामाचा. सालारजंगाच्या दिवाणगिरीत त्यांना जमीन मिळाली आणि मुख्यतः मांग आणि महार समाजांतून आलेल्या कुटुंबांची वस्ती तिथे उभी राहिली. गावाला नाव दिलं ते बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकातलं. याकोब घरातून पळून जाताना रात्री उशाला दगड घेऊन निजला, त्याला स्वर्गाला टेकलेली शिडी दिसली, त्या जागेला त्याने बेथेल म्हटलं, म्हणजे देवाचं घर. हाच याकोब पुढे लाबानाच्या घरी गेला, त्याने लेआ आणि राहेल या दोघी बहिणींशी लग्न केलं, शिवाय त्यांच्या दासी बिल्हा आणि जिल्पा यांच्यापासूनही त्याला मुलं झाली. इस्राएलाचे बारा वंश या चौघींच्या पोटचे आहेत. लग्नाचा विषय निघाला की हा उतारा मंडळीत सहसा वाचला जात नाही, याचं मला लहानपणापासून नवल वाटतं.

बाप्तिस्म्याला येणाऱ्या घरांची रीत काय होती? पहिलीला मूल झालं नाही म्हणून दुसरी आणलेली असे. भाऊ वारला म्हणून भावजयीला घरात ठेवलेलं असे. वरच्या जातींत विधवेचं केशवपन होत होतं, तेव्हा इथल्या कष्टकरी समाजांत पाट लावायची, म्होतूर करायची, म्हणजे बाईने दुसरं लग्न करायची रीत होती. नवऱ्याशी पटलं नाही तर पंचांसमोर काडीमोड व्हायची आणि बाई दुसऱ्याशी पाट लावून मोकळी व्हायची. खंडोबाला वाहिलेली मुरळी असे. तिचं लग्न देवाशी लागलेलं, आणि ज्याच्याबरोबर ती राही तो तिचा नवरा नव्हे. या सगळ्यांत बाईला कितपत विचारलं जाई, हे लपवण्यात अर्थ नाही. सवत यायची तेव्हा पहिलीची संमती घेऊन येत नसे. म्हणून आजच्या संमतीच्या नात्यांना तेव्हाच्या दोन बायकांच्या घरासारखं ठरवणं मला पटत नाही. पण मिशनपुढचा पेच तोच होता: एकच नवरा, एकच बायको या चौकटीत न बसणारं माणूस ख्रिस्ताकडे आलं, तर त्याला आत घ्यायचं कसं?

आमच्या घरात एक गोष्ट सांगतात. अंबड तालुक्यातल्या एका खेड्यात माझ्या आईच्या आजोबांना दोन बायका होत्या. त्यांनी बाप्तिस्मा मागितला तेव्हा मिशनच्या माणसाने अट घातली की, धाकटीला वेगळं करा. आजोबांनी त्याच अंगणात, लिंबाच्या पलीकडे, तिला खोपट बांधून दिलं. चूल वेगळी झाली. ज्वारीचं पोतं मात्र एकच राहिलं. थोरली रोज पायलीने धान्य मोजून पलीकडे न्यायची. पुढे धाकटीनेही बाप्तिस्मा घेतला आणि रविवारी दोघी एकाच चटईवर शेजारी शेजारी बसू लागल्या. नोंदवहीत धाकटीच्या नावापुढचा नवऱ्याचा रकाना रिकामा आहे. तिच्या दोन मुलांच्या नावांपुढे बापाचं नाव आहे. आई ही गोष्ट सांगताना नेहमी पायलीपाशी थांबायची.

या अटीमागे लिखित इतिहास आहे. १८३४ साली कलकत्त्यात निरनिराळ्या पंथांच्या मिशनऱ्यांची परिषद झाली. तिथे ठरलं की, ख्रिस्ती होण्याआधी ज्याने एकाहून जास्त बायका केल्या असतील, त्याला त्या सगळ्यांना ठेवता येईल, पण चर्चमधलं कोणतंही पद त्याला मिळणार नाही. आधार होता तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा, जिथे अध्यक्ष ‘एका स्त्रीचा पती’ असावा असं म्हटलं आहे. बाकावर बसायला परवानगी, पुढे यायला नाही. मी अर्धं उत्तर म्हणते ते हेच.

सगळ्यांना एवढंही मान्य नव्हतं. दक्षिण आफ्रिकेत नाताळ नावाच्या प्रदेशाचे बिशप कोलेन्सो यांनी १८५०च्या आणि ६०च्या दशकांत अनेक बायका असलेल्या झुलू घरांच्या बाजूने जोरात लिहिलं. बाप्तिस्म्यासाठी बायका सोडायला लावणं हा त्या बायकांवर आणि मुलांवर अन्याय आहे, हा त्यांचा मुद्दा. १८८८ साली लंडनमध्ये अँग्लिकन बिशपांची लॅम्बेथ परिषद भरली आणि तिने उलटा कौल दिला: अनेक बायका असलेल्या पुरुषाला बाप्तिस्मा नाही. त्याच्या बायकांना काही परिस्थितीत देता येईल. बरोबर शंभर वर्षांनी, १९८८च्या लॅम्बेथ परिषदेने हे बदललं. असा पुरुष आपल्या विश्वासू बायकामुलांसह बाप्तिस्मा घेऊ शकतो, पुन्हा लग्न न करण्याचं वचन मात्र द्यावं लागेल, आणि बायका निराधार होतील म्हणून त्यांना सोडायची सक्ती त्याच्यावर करू नये. सवतीच्या खोपटाचा विचार करायला इतका काळ लागला.

गोदावरी ही तेव्हा दोन राज्यांची हद्द होती. पलीकडे नेवासे, शेवगाव इंग्रजांकडे, अलीकडे वैजापूर, गंगापूर, पैठण निजामाकडे. इंग्रजी मुलखात १८६६ साली धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा कायदा झाला. एक जण ख्रिस्ती झाला आणि त्या कारणाने दुसऱ्याने त्याला सोडलं, तर कोर्टातून मोकळं होता येई. विश्वास न ठेवणारा वेगळा झाला तर होऊ द्यावा, या पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या शब्दांवर तो बेतलेला होता. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या. काही वर्षं दोघं वेगळी राहिली, मग धर्म वेगळा ठेवून एकत्र आली आणि १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. कायद्याने तोडता आलं असतं ते नातं त्या दोघांनी कुठल्याच ठरीव साच्यात न बसता सांभाळलं. निजामाच्या हद्दीत इंग्रजांचे कायदे आपोआप चालत नसत. तिथे कोण कुणाचं, हे पंच आणि पाळक ठरवीत.

हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ला भारतात आलं आणि पुढे १८६९चा घटस्फोट कायदा आणि १८७२चा ख्रिस्ती विवाह कायदा इकडेही लागू झाले. घटस्फोटाचा कायदा बायांना फार जाचक होता. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे, बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा सोडून देणं असं आणखी काहीतरी सिद्ध करावं लागे. हे २००१च्या दुरुस्तीपर्यंत चाललं. परस्पर संमतीने घटस्फोटही ख्रिस्ती जोडप्यांना तेव्हाच मिळाला. याचा परिणाम आमच्या मंडळ्यांत डोळ्यांनी दिसायचा. सोडलेल्या बाईला कोर्टाची पायरी परवडायची नाही, काडीमोडीची जुनी वाट चर्चने बंद केलेली. मग ती कुणाबरोबर तरी तशीच राहायची आणि तिला ‘ठेवलेली’ हा शब्द चिकटायचा. पाटाच्या बायकोला गावात जो मान होता, तोही तिला उरला नाही.

रूढ लग्नापलीकडचं आयुष्य आणि ख्रिस्ती श्रद्धा यांची गाठ फक्त आपल्याकडे पडली असंही नाही. जर्मनीत हेसेचा सत्ताधीश फिलिप १५४० साली पहिली बायको हयात असताना दुसरं लग्न करून बसला, त्याला मार्टिन लूथरने गुपचूप संमती दिली होती. अमेरिकेत ओनायडा इथे १८४८ साली जॉन हम्फ्री नॉईस यांनी वसाहत काढली. तिथे सगळे पुरुष आणि सगळ्या स्त्रिया एकमेकांशी विवाहित समजले जात, आणि हे बायबलमधूनच आलं असं ते मानत. १८७९ साली त्यांनी ती रीत सोडली. तिथेही वडीलधाऱ्यांची सत्ता कोवळ्या मुलींवर चाले, हे विसरून तिचं कौतुक करता येत नाही.

आपल्याकडे कायद्याची दारं गेल्या दशकात उघडली. ६ सप्टेंबर २०१८ला सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंध गुन्ह्यातून काढले, तीन आठवड्यांनी, २७ सप्टेंबरला, व्यभिचाराचं कलम ४९७ रद्द केलं. १७ ऑक्टोबर २०२३ला समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला मात्र नकार दिला. कॅथलिक चर्चमध्ये पोप फ्रान्सिस यांच्या मंजुरीने १८ डिसेंबर २०२३ला निघालेल्या घोषणेने नियमात न बसणाऱ्या आणि समलिंगी जोडप्यांनाही साधा आशीर्वाद द्यायची मोकळीक दिली, लग्नासारखा विधी करायची नाही. छत्रपती संभाजीनगरचा कॅथलिक धर्मप्रांत १९७७ साली झाला, त्याच्या गावोगावच्या धर्मग्रामांपर्यंत ही घोषणा पोचली ती बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपवरच्या भांडणातून.

माझ्या ओळखीची एक बाई आहे, वय पस्तिशीतलं, शहरातल्या एका दवाखान्यात नर्स. नवरा, ती आणि दुसरा एक जण, तिघांना सगळं ठाऊक आहे आणि तिघांनी मिळून ते ठरवलं आहे. एकदा दुपारी स्वयंपाकघरात शेंगा सोलता सोलता ती म्हणाली, “ताई, मी पश्चात्ताप कशाचा करू वो? फसवलं असतं तर केला असता की. मी तर कुणालाच फसवलं नाही.” मी तिला सांगितलं की, येशूचं वचन ‘ती दोघे एकदेह होतील’ असं आहे आणि ते मला टाळता येत नाही. ती म्हणाली, “मलाबी टाळता येत नाही. मी रोज वाचते ते.” मग बराच वेळ आम्ही दोघी बोललो नाही. सुपात शेंगांची टरफलं साचली होती, ती तिने उचलून बाहेर टाकली.

पूर्वी ती चर्चच्या महिला मंडळाची सेक्रेटरी होती. कुणी काढलं नाही, तिनेच सोडलं. आता ती मागून दुसऱ्या बाकावर बसते. प्रभुभोजनाच्या रविवारी तिच्या रांगेतली माणसं भाकर आणि द्राक्षरस घ्यायला उठून पुढे कठड्याशी गुडघे टेकायला जातात, तेव्हा तीही उठते. कधी पुढे जाते, कधी वाट करून देऊन परत खाली बसते. तिने पाळकांना काही सांगितलेलं नाही आणि पाळकांनी अजून विचारलेलं नाही.