त्वचेला लागते काय आणि आपण लावतो काय

सामू, म्हणजेच पीएच, मोजण्याच्या कागदी पट्ट्यांची लहानशी डबी हाताशी असली की स्वयंपाकघराच्या ओट्यावरच एक छोटा प्रयोग करून पाहता येतो. मी तो एका सुटीच्या सकाळी केला. लिंबाच्या रसात बुडवलेली पट्टी लालभडक झाली. रंगतक्त्याशी ताडून पाहता तिचे उत्तर २ आणि ३ यांच्या मध्ये येत होते. अंगाच्या साबणाची ओली वडी दुसऱ्या पट्टीवर घासली तेव्हा ती गर्द निळी झाली, म्हणजे सामू १० च्या आसपास. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने ८ च्या जरा पुढचा रंग दाखवला. या तिन्ही वस्तू ‘साध्या, घरगुती, नैसर्गिक’ म्हणून चेहऱ्याला लावण्याचा सल्ला कोणीही सहज देते. ज्या त्वचेवर त्या लावायच्या, तिचा स्वतःचा सामू मात्र साधारण ४.७ ते ५.५ असतो. सामू ७ च्या खाली म्हणजे आम्ल, वर म्हणजे अल्क, आणि ही मोजपट्टी दसपटीने चढते. त्यामुळे ५ आणि १० यांत दिसायला पाचच घरांचे अंतर असले, तरी हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात तो फरक एक लाख पटींचा असतो.

त्वचेच्या या सौम्य आम्लतेला १९२८ साली हाइनरिश शाडे आणि आल्फ्रेड मार्किओनिनी या जर्मन संशोधकांनी ‘आम्ल आवरण’ असे नाव दिले. पुढे उलगडत गेले ते असे की, हे आवरण नुसते जंतूंना अटकाव करण्यापुरते नाही. त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर, ज्याला शृंगस्तर म्हणतात, तो हातापायांचे तळवे सोडले तर बहुतेक ठिकाणी जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाडीचा, म्हणजे केसाच्या जाडीहूनही पातळ असतो. त्यात केराटिनने भरलेल्या चपट्या, मृत पेशींचे पंधरा-वीस थर एकावर एक रचलेले असतात आणि त्यांच्या फटींत मेदद्रव्ये भरलेली असतात. पीटर इलायस या त्वचाशास्त्रज्ञाने या रचनेला विटांच्या भिंतीची उपमा दिली, ती आजही वापरली जाते: पेशी या विटा, तर मेदद्रव्ये हा त्यांच्या सांध्यांत भरलेला चुना. या चुन्यात वजनाने सुमारे निम्मा भाग सेरामाइडांचा, पाव भाग कोलेस्टेरॉलचा आणि उरलेल्यात मुख्यतः मुक्त मेदाम्ले असतात. शरीरातले पाणी आत आणि बाहेरचा त्रास बाहेर राहतो तो या चुन्यामुळे. हा चुना कालवणारी विकरे, म्हणजेच एन्झाइम, आम्लधर्मी परिस्थितीतच नीट काम करतात. उलट, पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे दुवे तोडणारी विकरे सामू वाढला की अधिक जोर धरतात. एकाच बदलाने बांधकाम मंदावते आणि पाडकामाला वेग येतो.

साबणाने तोंड धुतल्यावर चेहरा ओढल्यासारखा वाटतो, ही भावना बहुतेकांना स्वच्छतेची खूण वाटते. प्रत्यक्षात ती तक्रार असते. साबण मळाबरोबर सांध्यांतला थोडा मेदही काढून नेतो, पेशींमध्ये पाणी धरून ठेवणारी अमिनो आम्ले, युरिया, लॅक्टेट यांसारखी विद्राव्य द्रव्येही धुऊन नेतो आणि सामू वर ढकलतो. निरोगी त्वचा हा तोल काही वेळाने पुन्हा सावरते. पण दिवसातून चार-चार वेळा चेहरा खसखसून धुणाऱ्याच्या त्वचेला ती उसंत मिळत नाही. गंमत अशी की, बाजारात ‘साबणविरहित’ म्हणून मिळणारे, प्रयोगशाळेत घडवलेल्या क्षालकांचे सौम्य फेसवॉश त्वचेच्या सामूला पुष्कळदा अधिक जवळचे असतात. तेल आणि क्षार यांच्यापासून पारंपरिक रीतीने केलेली वडी, तिच्या वेष्टनावर कितीही हिरवी पाने छापलेली असली, तरी रासायनिकदृष्ट्या अल्कधर्मीच राहते.

येथेच ‘नैसर्गिक’ या शब्दाची खरी अडचण आहे. पदार्थ कुठून आला, हे तो शब्द सांगतो. तो त्वचेशी कसा वागेल, याबद्दल काहीच सांगत नाही. लिंबाच्या सालीत आणि काही प्रमाणात रसातही फ्युरोकुमारिन नावाची संयुगे असतात. ती त्वचेवर असताना उन्हातले अतिनील-अ किरण पडले, तर ती पेशींतील डीएनएला चिकटून पेशींना इजा करतात. एखाद-दुसऱ्या दिवशी लाली आणि फोड येतात आणि ते बरे झाल्यावर तपकिरी डाग मागे राहतो, तो कित्येक आठवडे, क्वचित महिनेही टिकतो. रस मनगटावरून ओघळला असेल, तर डागही नेमक्या त्या ओघळाच्या आकाराचा उमटतो. डाग घालवण्यासाठी लावलेल्या लिंबाने डाग पडावा, यासारखा उलटा न्याय नाही. दुसऱ्या टोकाला पेट्रोलियम जेली आहे. रॉबर्ट चीझबरो यांनी अमेरिकेत १८७२ साली तिचे पेटंट घेतले. खनिज तेलातून निघणारा हा पदार्थ ‘नैसर्गिक’ म्हणून मिरवायला कोणी घेणार नाही. पण नीट शुद्ध केलेली जेली त्वचेतून होणारी बाष्पाची गळती रोखण्यात बहुतेक वनस्पती तेलांहून सरस ठरते आणि तिची ॲलर्जीही अतिशय विरळा आढळते.

तेलांमध्येही सगळी सारखी नसतात. ब्रिटनमधील शेफिल्ड येथील संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या एका लहान अभ्यासात स्वयंसेवकांच्या हातांना ऑलिव्ह तेल आणि सूर्यफूल तेल लावून पाहिले. ऑलिव्ह तेलाने शृंगस्तराची एकसंधता घटली आणि सौम्य लालीही आली, तर सूर्यफूल तेलाने ती शाबूत राहिली. कारण मेदाम्लांत आहे. ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्ल प्रामुख्याने असते आणि ते चुन्याच्या शिस्तबद्ध थरांत घुसून त्यांची मांडणी विस्कटते. औषध त्वचेतून आत जावे म्हणून औषधनिर्माते याच गुणाचा मुद्दाम उपयोग करून घेतात. नेहमीच्या सूर्यफूल तेलात लिनोलेइक आम्लाचे प्रमाण अधिक असते आणि त्वचेला ते आपल्या बांधकामात वापरता येते. जेवणात ऑलिव्ह तेलाचे कौतुक होते ते योग्यच आहे, पण जिभेवर जे चालते ते गालावर चालेलच असे नाही.

आत काय जाते, याचाही एक ठोकताळा आहे. दोन डच संशोधकांनी २००० साली मांडलेल्या नियमानुसार, ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूंचे वजन मोजण्याचे एकक) अधिक वजनाचे रेणू निरोगी त्वचेतून सहसा पार होत नाहीत. कोलॅजेनच्या एका रेणूचे वजन सुमारे तीन लाख डाल्टन असते. म्हणजे ‘कोलॅजेनयुक्त’ क्रीममधले कोलॅजेन उंबरठ्याबाहेरच बसून राहते. ते वर पातळ थर धरून त्वचा थोडा वेळ मऊ ठेवते, पण आतल्या कोलॅजेनमध्ये भर घालत नाही.

मग त्वचेच्या बांधणीचा माल येतो कुठून? रक्तातून, आणि रक्तात तो येतो ताटातून. याचा सुरेख पुरावा १९२९ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने दिला. स्निग्ध पदार्थ म्हणजे निव्वळ इंधन, अशी तोवर समजूत होती. त्यांनी उंदरांना अन्य सर्व ज्ञात पोषक द्रव्ये देऊन आहारातून फक्त स्निग्धांश पूर्ण वगळला. उंदरांची वाढ खुंटली, त्यांच्या शेपट्या आणि पंजे खवल्यांसारखे झाले, अंगावरचे केस गळू लागले. आणखी एक विचित्र गोष्ट दिसली: ते नेहमीपेक्षा कितीतरी अधिक पाणी पिऊ लागले, तरी कातडी कोरडीच. आहारात लिनोलेइक आम्लाची अगदी थोडी मात्रा परतताच ते सुधारले. हे आम्ल शरीर स्वतः बनवू शकत नाही आणि भिंतीच्या चुन्यातल्या सर्वांत महत्त्वाच्या सेरामाइडांत नेमके तेच जोडलेले असते, हे कित्येक दशकांनी स्पष्ट झाले. उंदरांच्या पोटात पाणी भरपूर जात होते, पण गळक्या हौदात ते ठरत नव्हते.

कोरड्या त्वचेवर ‘रोज आठ ग्लास पाणी’ हा उतारा सांगितला जातो, तेव्हा मला हे उंदीर आठवतात. तहान लागेल तसे पाणी प्यावे, उन्हात आणि श्रमात अधिक प्यावे, यात वादच नाही. परंतु ज्याच्या शरीरात पाण्याची कमतरता नाही, त्याने जास्तीचे चार ग्लास प्यायल्याने त्वचा तुकतुकीत होते, याला भक्कम आधार नाही. आठ ग्लासांचा आकडा कुठून आला, तर अमेरिकेच्या अन्न आणि पोषण मंडळाने १९४५ साली प्रौढांसाठी सुमारे अडीच लिटर पाणी सुचवले होते, त्याकडे बहुधा बोट दाखवले जाते. त्याच मजकुरात पुढच्या वाक्यात, यातले बहुतेक पाणी तयार अन्नातूनच मिळते, असे म्हटले होते. ते वाक्य वाटेत कुठेतरी गळून पडले.

जीवनसत्त्व ‘क’ची गोष्ट अधिक परिचित आहे. १७४७ साली जेम्स लिंड यांनी ‘सॅलिस्बरी’ या जहाजावर स्कर्व्हीने आजारलेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला आणि संत्री-लिंबे मिळालेली जोडी झपाट्याने बरी झाली. स्कर्व्हीत हिरड्या सुजतातच, पण वर्षांपूर्वी भरून आलेल्या जखमांचे वणही पुन्हा उकलतात. कारण कोलॅजेन एकदा विणून संपत नाही; जुने धागे झिजतात, नवे विणावे लागतात आणि त्यांना पीळ घट्ट बसवणाऱ्या विकराला जीवनसत्त्व ‘क’ लागते. मात्र स्कर्व्ही टाळायला या जीवनसत्त्वाचे दिवसाकाठी अवघे दहा मिलिग्रॅम पुरतात, आणि गरज भागल्यावरचे जास्तीचे मूत्रावाटे निघून जाते. जीवनसत्त्व ‘अ’ तर इतकी सवलतही देत नाही: ते कमी पडले तर त्वचा खरखरीत होते आणि गोळ्यांच्या रूपाने फार झाले तरी ओठ फुटतात, कातडी सोलवटते, केस गळतात, गर्भारपणात अतिरेक झाला तर बाळालाही धोका असतो. गाजरातून मिळणारे बीटा-कॅरोटिन त्या मानाने सोज्ज्वळ. ते शरीर गरजेपुरतेच ‘अ’मध्ये बदलते, आणि फारच गाजरे खाल्ली तर तळहात पिवळे दिसू लागतात इतकेच.

कमतरतेतून झालेली इजा भरून निघते, म्हणून मुबलकतेवर आणखी भर घातल्याने त्वचा अधिकच उजळेल, हे गृहीतच मुळात चुकीचे आहे आणि सौंदर्यपूरकांचा बराच व्यापार त्यावर उभा आहे. कोलॅजेनच्या भुकटीचे पोटात अमिनो आम्ले आणि छोटे पेप्टाइड असे तुकडे होतात. काही लहान चाचण्यांत त्वचेच्या लवचीकतेत थोडी सुधारणा दिसली आहे, पण त्यांतल्या अनेक चाचण्या उत्पादकांच्याच पैशाने झालेल्या आहेत. डाळी, कडधान्ये, दूध, अंडी, मासे यांतल्या कुठल्याही प्रथिनातून शरीर आपल्याला हवे ते तुकडे वेचून घेतेच.

साखर आणि मुरुमे यांचा संबंध कित्येक वर्षे थट्टेवारी नेला जात असे. ऑस्ट्रेलियात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ४३ तरुणांना दोन गटांत विभागून बारा आठवडे पाहिले. रक्तातली साखर सावकाश चढेल असा आहार घेणाऱ्या गटाची मुरुमे अधिक कमी झाली. साखर वेगाने चढली की इन्सुलिन आणि त्याच्यासारखाच एक वाढीचा घटक चढतो, तो मेदग्रंथींना जास्त तेल स्रवायला लावतो, ही साखळी पटण्याजोगी आहे. तरीही त्या तरुणांचे वजनही घटले होते, तेव्हा श्रेय आहाराचे किती आणि वजनाचे किती, हे या एका चाचणीतून वेगळे काढता येत नाही.

‘समतोल’ या शब्दाला आकडे द्यायचे, तर जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे बरे आहेत: प्रौढांसाठी दिवसाला निदान ४०० ग्रॅम फळे-भाज्या आणि २५ ग्रॅम तंतुमय पदार्थ, ५ ग्रॅमहून कमी मीठ आणि वरून घातलेल्या साखरेतून एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी ऊर्जा. पण ताटात काय आहे याइतकेच ते कसे घडले याला महत्त्व असावे, असे अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांच्या चमूने २०१९ साली दाखवले. वीस प्रौढांना महिनाभर तिथेच ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे साधे, कमी प्रक्रियेचे जेवण दिले. वाढलेल्या जेवणात उष्मांक, साखर, मीठ, स्निग्धांश, तंतू सारखेच राखले होते आणि हवे तेवढे खायची मुभा होती. अतिप्रक्रियित अन्नावर माणसे रोज सुमारे ५०० उष्मांक अधिक खात होती आणि भराभर खात होती. दोन आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी ०.९ किलोने वाढले. साध्या जेवणावर तेवढेच उतरले.

चेहऱ्यावर दिसणाऱ्या सुरकुत्या आणि डाग यांत उन्हाचा वाटा इतका मोठा आहे की, त्यापुढे बहुतेक क्रीमची भांडणे किरकोळ ठरतात. सावली, टोपी, बाह्यांचे कपडे आणि सनस्क्रीन हे उपाय सर्वांना माहीत आहेत. फक्त सनस्क्रीनचा वेष्टनावरचा आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढ्या जाड थरावर मोजलेला असतो, आणि बहुतेक जण त्याच्या निम्म्याच्याही आत उरकतात.

शृंगस्तरातली पेशी खालच्या थरात जन्मून वर येऊन झडेपर्यंत साधारण चार आठवडे जातात, वयाबरोबर त्याहून अधिक. त्यामुळे आहारातला किंवा लेपनातला बदल आठ दिवसांत जोखणे म्हणजे भिंतीच्या पायाचे काम चालू असताना वरच्या रंगावर मत देणे होय. नवी वस्तू, मग ती बागेतली असो की कारखान्यातली, आधी कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागी दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावून पाहावी. खाज, लाली, फोड यांपैकी काहीच आले नाही तर मग चेहऱ्याकडे वळावे, आणि एका वेळी एकच वस्तू बदलावी, म्हणजे गुण आला किंवा बिघडले तरी तो कशामुळे हे कळेल.