मेदसंचय : चरबी कोठे बसते आणि का

खाऊन उरलेली ऊर्जा शरीर चरबीच्या रूपात साठवते. १ ग्रॅम चरबीत सुमारे ९ किलोकॅलरी मावतात. चिमटीत धरता येते ती कातडीखालची चरबी. आतड्यांभोवती बसते ती पोटातली. घातक ती दुसरी. तिच्यातून सुटणारी मेदाम्ले आतड्यांकडून यकृताकडे जाणाऱ्या शिरेत थेट उतरतात, इन्सुलिनचे काम बिघडते आणि रक्तातली साखर वाढते.

जागा मुख्यतः अनुवंश आणि संप्रेरके ठरवतात. इस्ट्रोजेन, म्हणजे मुख्यतः अंडाशयांतून येणारे स्त्री-संप्रेरक, चरबी मांड्या-नितंबांवर राखते. ती गरोदरपणाची आणि अंगावर पाजण्याच्या काळाची शिदोरी, म्हणूनच सहजी उतरत नाही. पाळी गेल्यावर ओघ पोटाकडे वळतो. पुरुषांत तो आधीपासूनच तिकडे असतो.

बीड जिल्ह्यात हा मुद्दा पुस्तकी नाही. ऊसतोड करणाऱ्या बायकांची ऐन तारुण्यात ‘पिशवी’ (गर्भाशय) काढली जात असल्याचे २०१९ मध्ये गाजले आणि राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. नुसती पिशवी काढली तर इस्ट्रोजेन लगेच थांबत नाही. अंडाशयेही काढली तर ते झटक्यात घसरते आणि तिशीतल्या बाईचे शरीर पाळी गेल्यासारखे वागू लागते. अंडाशये ठेवली की काढली, हे शस्त्रक्रियेच्या कागदांवर पाहून घ्यावेच.

हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढे पुढे, अशी माणसे मराठवाड्यात गावोगाव दिसतात. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवले की आपल्याकडची बाळे वजनाला कमी भरतात, पण त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त असते. त्यामुळे नुसता वजनकाटा फसवतो, टेप हवी.

शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, निऱ्या किंवा पट्टा सैल करून, सहज श्वास सोडल्यावर मोजावे. पोट आत ओढू नये. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंमीपासून धोका धरतात. पँटचा ३४ नंबर म्हणजे ३४ इंच घेर, ही नेहमीची चूक : पट्टा ढेरीखाली बसतो, त्यामुळे खरा घेर कळत नाही.

पोटाच्या व्यायामाने पोटाचे स्नायू बळकट होतात, नेमकी तिथलीच चरबी जळत नाही. घाम काढणाऱ्या पट्ट्याने फक्त पाणी जाते. एकूण खाणे कमी आणि रोजचे भरभर चालणे नेटाने चालू राहिले, तर पोटातली चरबी मांड्यांवरच्या चरबीपेक्षा लवकर हलते.