कुवेत: तेलाच्या आधीपासूनचं भांडण

१० मे २०२४ रोजी कुवेतचे अमीर शेख मिशाल यांनी संसद बरखास्त केली आणि राज्यघटनेतली काही कलमं जास्तीत जास्त चार वर्षांसाठी स्थगित केली. आखातात शेख म्हणेल ती पूर्व दिशा, तिथे मुळात संसद होतीच कशाला, असं अनेकांना वाटलं असेल. पण कुवेतची संसद चांगलीच भांडकुदळ होती. मंत्र्यांना जाब विचारायची, सरकारी विधेयकं वर्षानुवर्षं अडवून धरायची. ही सवय तेलाच्या पैशातून आलेली नाही. ती मोत्यांच्या आणि गलबतांच्या काळातली आहे.

अठराव्या शतकात मध्य अरबस्तानातून आलेल्या बनी उतुब लोकांनी हे बंदर वसवलं. कारभार अल-सबाह घराण्याकडे गेला, इतर मातब्बर घराणी व्यापारात उतरली. जमीन नापीक. पुढे तर पिण्याचं पाणीही इराककडच्या शत्त-अल-अरब नदीतून होड्यांनी आणावं लागे. बसऱ्याचा खजूर भरून कुवेती गलबतं मोसमी वारे धरून कराची, मुंबई, मलबारपर्यंत यायची. ती बांधायला लागणारं सागवानही मलबारचंच. मोत्यांचा मोठा बाजार मुंबईत, त्यामुळे कुवेती व्यापाऱ्यांच्या पेढ्याही मुंबईत, आणि कुवेतच्या बाजारात चलन रुपयाचं. १८९९ मध्ये शेख मुबारक यांनी इंग्रजांशी गुप्त करार केला, त्याचा मोबदलाही १५,००० रुपये असा ठरला.

शेखाचं उत्पन्न म्हणजे मुख्यतः या व्यापाऱ्यांनी भरलेली जकात. म्हणून त्यांना दुखवणं परवडणारं नव्हतं. मुबारक यांनी लढायांच्या खर्चासाठी कर वाढवले, तेव्हा १९१० च्या सुमारास काही बडे मोती-व्यापारी सरळ बहरीनला निघून गेले. शेखाला त्यांची मनधरणी करावी लागली.

मोत्यांसाठी बुडी मारणाऱ्या पाणबुड्यांना असं निघून जाता येत नसे. उन्हाळ्याचे चार महिने ते समुद्रावर असत: नाकाला चिमटा, पायाला दगड, गळ्यात शिंपल्यांची टोपली, आणि वर दोर धरून बसलेला साथीदार. हंगामाआधी नाखवा त्यांना घरखर्चासाठी पैसे देई. आपल्याकडे ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेतात, तोच हा प्रकार. हंगाम पडला की उचल फिटत नसे, पुढच्या वर्षी त्याच नाखव्याकडे जावं लागे, आणि बाप गेला तर कर्ज मुलाच्या डोक्यावर येई. नाखवाही बहुधा व्यापाऱ्याच्या कर्जात असे. ‘तेलाआधीचं साधं, समाधानी कुवेत’ असं वर्णन वाचलं की मला ही साखळी आठवते.

जपानच्या संवर्धित मोत्यांनी आणि १९२९ च्या महामंदीने हा धंदा बसला. त्यातच शेजारच्या सौदी अरबस्तानचे राजे इब्न सौद यांनी वाळवंटाच्या बाजूने व्यापाराची कोंडी केली होती. अशा तंगीत, डिसेंबर १९३४ मध्ये, शेख अहमद यांनी ब्रिटिश-अमेरिकी भागीदारीतल्या कुवेत ऑइल कंपनीला तेलाचा हक्क दिला. सहीच्या वेळचे पावणेपाच लाख आणि पुढे टनामागे तीन, दोन्ही हिशेब रुपयांतच.

१९३८ हे वर्ष मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. फेब्रुवारीत बुरगानला तेल लागलं. उन्हाळ्यात बड्या घराण्यांनी चौदा जणांचं मंडळ निवडलं आणि खजिन्यावर देखरेख मागितली. मंडळाने तेल कंपनीचा चेकही आपल्याकडे द्यावा असा आग्रह धरला, आणि डिसेंबरमध्ये शेखांनी मंडळच मोडून टाकलं. जकातीवर चालणाऱ्या शेखाला व्यापाऱ्यांचं ऐकावं लागे. ज्याच्या नावाने कंपनीचा चेक येतो, त्याला कशाला लागेल?

महायुद्धामुळे तेलाची पहिली निर्यात १९४६ पर्यंत लांबली. त्यानंतर व्यापाऱ्यांशी अलिखित तडजोड झाली: राजकारण आमचं, बाजार तुमचा. जुन्या शहरातल्या जमिनी सरकारने चढ्या भावाने विकत घेतल्या, आयातीच्या एजन्सी त्याच घराण्यांकडे राहिल्या. १९३८ च्या मंडळाचे अध्यक्ष होते राजघराण्यातलेच अब्दुल्ला अल-सालिम. तेच १९५० मध्ये सत्तेवर आले आणि १९६२ ची राज्यघटना त्यांनीच दिली.

रुपया १९६१ मध्ये गेला. आखातातून मुंबईत होणाऱ्या सोन्याच्या तस्करीने भारताची परकीय गंगाजळी आटत होती, म्हणून रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या होत्या. कुवेतने १३ रुपये ३३ पैशांना एक दिनार या दराने त्या बदलून घेतल्या.

१९७५ मध्ये तेल कंपनी सरकारी झाली. पुढच्याच वर्षी उत्पन्नाचा दहा टक्के भाग भावी पिढ्यांच्या निधीत टाकण्याचा नियम आला. १९८२ मध्ये सूक अल-मनाख हा बेकायदा शेअर बाजार पुढच्या तारखांच्या चेकवर फुगून कोसळला. अडकलेल्या चेकची रक्कम सुमारे ९४ अब्ज डॉलर होती. ऑगस्ट १९९० मध्ये इराकी फौजा घुसल्या, तेव्हा परागंदा सरकारने परदेशातल्या गुंतवणुकीवरच तग धरला. पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय त्या वेळी अम्मानमार्गे विमानाने परतले, त्यांत मराठी माणसंही होती.

संसद १९७६ आणि १९८६ मध्येही गुंडाळली गेली होती. ती परत आली आणि पुन्हा खर्चावरून अडून बसली. सरकारला कर्ज उभारू देणाऱ्या कायद्याची मुदत २०१७ मध्ये संपली होती, आणि नवा कायदा संसदेने काही होऊ दिला नाही. अमीरांनी तो मार्च २०२५ मध्ये वटहुकमाने आणला. आता सरकार तीस अब्ज दिनारांपर्यंत कर्ज काढू शकतं.